बंदुकीची वाटणी

शेतजमिनीची वाटणी करणे सोपे असते असे मी म्हटले, तर शिरूर तालुक्यातला कोणीही माणूस मला हसेल. वीतभर बांधासाठी दोन-दोन पिढ्या दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी घरे आमच्याकडे गावोगाव सापडतील. पण जमिनीला निदान गुंठा नावाचे माप तरी आहे. भांड्याला वजन आहे, दागिन्याला कस आहे, म्हशीला दूध आहे. बंदुकीला काय आहे?

हा प्रश्न आमच्या घरात गेल्या वर्षी उभा राहिला. माझे चुलते आप्पा यांनी आपल्या डोळ्यांदेखत वाटणी करून टाकायचे ठरवले. वय ब्याऐंशी. “माझ्यामागं तुम्ही भांडाल ते मला दिसायचं न्हाई. तवा काय भांडायचं ते आत्ताच माझ्यासमोर भांडून घ्या,” हे त्यांचे म्हणणे. माझ्या वडिलांचा हिस्सा फार पूर्वीच वेगळा झालेला. त्यामुळे या वाटणीत मला नफा नाही आणि तोटाही नाही, म्हणून पंच म्हणून मला बसवण्यात आले. एका बाजूला आप्पांचा थोरला मुलगा, आमचा दादा, पुण्यात नोकरी करून निवृत्त झालेला. दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ, जन्मभर घोडनदीच्या काठी ऊस-कांदा करणारा. घर, गुरे, विहिरीची पाळी हे सारे एका दुपारी, दोन वेळच्या चहात मिटले. अडले ते दोन वस्तूंवर. एक रस्त्याकडची पाच गुंठ्यांची पट्टी, आणि दुसरी माळ्याखालच्या लाकडी पेटीतली बंदूक.

तोड दादानेच सुचवली. पट्टी त्याला आणि बंदूक भाऊला. दादाच्या मनात कपट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. रांजणगावला औद्योगिक वसाहत झाल्यापासून आमच्या भागात रस्त्याकडच्या गुंठ्याला काय भाव आला आहे हे त्याला ठाऊक होते. पण बंदूक त्याहूनही मोलाची आहे, असा त्याचा प्रामाणिक समज होता. कारणही ऐकण्यासारखे होते. १९८०च्या दशकात खासगी माणसांना परदेशी बंदुका आणण्याची वाट सरकारने बंद केली. त्यामुळे आधीपासून देशात असलेल्या विलायती बंदुकांचे भाव जे चढले ते चढतच राहिले. आणि आमची बंदूक विलायती होती. घरातल्या प्रत्येक पोराला हे पाळण्यापासून ठाऊक होते. तिच्या नळीवर ‘बी. एस. ए.’ अशी अक्षरे होती. मी इंग्रजी अक्षरे पहिल्यांदा वाचली ती शाळेच्या फळ्यावर नव्हे, त्या नळीवर. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स म्हणजे तीच कंपनी, जिच्या सायकली एके काळी पुण्याच्या रस्त्यांवरून ऐटीत फिरत आणि ज्यांच्यावर एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुकांचे चिन्ह असे. कंपनी मुळात बंदुकांची; सायकली नंतरच्या. आजोबांनी ही रायफल पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतली, तेव्हापासून ‘बर्मिंगहॅमची’ हे तिचे माहेरचे नाव झाले होते.

भाऊला तोड मान्य होती, कारण त्याचे मन त्या बंदुकीवर लहानपणापासून जडलेले. मान्य नव्हती ती फक्त वहिनींना. त्या ओट्याआडून म्हणाल्या, “रस्त्याकडंला उद्या पोराला दुकान टाकता येईल. बंदुकीवर काय पिकतं?”

वास्तविक प्रश्न तिथेच सुटायला हवा होता. पण बायकांचे असले बिनतोड प्रश्न वाटणीच्या बैठकीत कोणी ऐकून घेत नाही. मी पंच होतो. मी म्हणालो, की बंदुकीची किंमत आधी कोणातरी जाणत्याकडून करून घेऊ. विकणाऱ्याला विचारावे तर तो चढवून सांगणार, घेणाऱ्याला विचारावे तर पाडून. ज्याला घ्यायची नाही आणि विकायचीही नाही असा जाणता शोधायचा, तर मला एकच माणूस आठवला. दौंडचे मामा.

दौंड म्हटले की लोकांना जंक्शन आठवते: मनमाडची गाडी, सोलापूरची गाडी, बारामतीचा फाटा, आणि भीमेवरून येणारा वारा. पण त्या गावाला दुसराही एक चेहरा आहे. राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट, पाचवा आणि सातवा, दौंडला आहेत. जवळच नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे पहाटे इंजिनाच्या शिट्टीपाठोपाठ बिगुल ऐकू येतो. माझ्या आईचे धाकटे भाऊ या दलात आर्मोरर होते. आर्मोरर म्हणजे शस्त्रांचा वैद्य. तीस वर्षे त्यांनी गोळी झाडण्यापेक्षा झाडणाऱ्या वस्तूची नाडी पाहण्यात घालवली. पाटस, चौफुला, न्हावरे असे करत ते शिरूरला आले, तेव्हा त्यांच्याजवळ पिशवीत एक विजेरी, एक जुने भिंग आणि धुतलेल्या चिंध्यांची पुरचुंडी एवढेच होते.

मामांच्या हयातीतली शस्त्रे म्हणजे मुख्यतः ‘थ्री-नॉट-थ्री’. हे नाव आपल्याकडे खेड्यातल्या म्हातारीलाही ठाऊक असते, पण त्याचा अर्थ क्वचितच कोणी सांगते. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर, एवढाच तो अर्थ. ली नावाच्या संशोधकाचा बोल्ट आणि एनफील्डच्या कारखान्यातली नळी यांचे १८९५ साली लग्न लागले आणि ‘ली-एनफील्ड’ जन्मली. पुढे ती एनफील्डला झाली, बर्मिंगहॅमला झाली, ऑस्ट्रेलियात लिथगोला झाली आणि बंगालमध्ये हुगळीकाठच्या ईशापूरलाही झाली. तिची काडतुसे आमच्या खडकीच्या कारखान्यात होत. १८६९ सालच्या त्या कारखान्याची ‘के. एफ.’ ही अक्षरे काडतुसाच्या बुडावर असत. १९६२ साली आपले जवान चिन्यांशी लढले ते हीच रायफल घेऊन. २००८च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेकी शिरले, तेव्हा तिथल्या पोलिसांच्या हातीही हीच होती. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला संचलनात निरोप दिला तो २०२०च्या प्रजासत्ताकदिनी. एवढे दीर्घायुष्य यंत्राला सहसा लाभत नाही. आणि ते तिला लाभले, त्याचे मर्म मामा जाणत होते: या रायफलीचे अवयव बदलता येतात.

खासगी माणसाला मात्र ०.३०३ची रायफल बाळगता येत नाही. लष्करी काडतूस बाहेर जाऊ नये म्हणून इंग्रजांनी घातलेली ही अट पुढे आपणही कायम ठेवली. म्हणून शेतकऱ्या-शिकाऱ्यांसाठी त्याच घडणीच्या, पण ०.३१५ इंच नळीच्या रायफली निघाल्या. बर्मिंगहॅमने काढल्या, नंतर आपल्या सरकारी कारखान्यांनीही काढल्या. आमची त्यातलीच.

परवाना आप्पांच्या नावावर. म्हणून पेटी त्यांनीच उघडली, काडतुसे वेगळ्या कुलपात असल्याची खात्री मामांनी करून घेतली आणि मग ओसरीवर सतरंजीवर बंदूक आली. दादा तिच्या चकाकीकडे पाहत होता, भाऊ दस्त्याकडे. मामांनी पहिल्या झटक्यात बोल्ट ओढून बाहेर काढला आणि बाजूला ठेवला, नवरीचे तोंड पाहण्याआधी तिची पत्रिका मागावी तसा.

मग त्यांनी आकडे वाचायला सुरुवात केली. ली-एनफील्डच्या बॉडीवर, म्हणजे ज्या पोलादी सांगाड्यात बोल्ट सरकतो त्यावर, एक क्रमांक असतो. तोच बोल्टच्या मुठीवर असावा लागतो. लष्करी रायफलीत तो पुढच्या टोपीवर आणि दस्त्याच्या लाकडावरही असे. सगळे आकडे एक असले म्हणजे बंदूक कारखान्यातून निघाली तशीच राहिली. मामांनी बॉडीवरची घाण चिंधीने पुसली, भिंग लावले आणि शांतपणे म्हणाले, “आप्पा, बॉडी ईशापूरची आहे. मुकुट आहे, जी. आर. आय. आहे, साल बेचाळीस आहे.”

ओसरीवर शांतता पसरली. बेचाळीस साल म्हटल्यावर एरवी आमच्याकडे छाती फुगवण्याची पद्धत आहे. पण दादाचा चेहरा उतरला. विलायती बंदुकीचा भाव त्या एका वाक्यात हुगळीत बुडाला.

मामा पुढे सांगत गेले. बॉडीच्या माथ्यावर पाच-पाच काडतुसांची पट्टी लावण्यासाठी एक कमान असते. ती घासून काढलेली होती. म्हणजे ही मूळची शिपायाची रायफल. तिचे कोणीतरी नंतर शेतकऱ्याच्या रायफलीत रूपांतर केले. नळी खरोखरच बर्मिंगहॅमची, ०.३१५ची, दुसऱ्याच कुठल्यातरी थकलेल्या बंदुकीवरून आलेली. मागचा दर्शक तिसरीचा. दस्ता शिसवी. तो ना बंगालचा ना विलायतेचा. आप्पा इथे पहिल्यांदा बोलले. मूळचा दस्ता आजोबांच्या हातून विहिरीच्या काठावर आपटून फुटला आणि गावच्या सुताराने घरच्या जुन्या पलंगाच्या खुरातून हा घडवला, हे त्यांनी सांगितले. साठ वर्षांत हे कोणी विचारले नव्हते, म्हणून कोणाला ठाऊक नव्हते.

“म्हणजे भंगारातून जुळवलेलीच की,” दादा म्हणाला.

मामांना तो शब्द आवडला नाही. त्यांनी बोल्टची मूठ उजेडात धरली. तिच्यावर आधी एक क्रमांक ठोकलेला होता. त्यावर छिन्नीने सरळ रेघ मारली होती. आणि शेजारी, थोड्या वेगळ्या ठशात, आमच्या बॉडीचा क्रमांक होता. “ही रेघ बघा,” ते म्हणाले. “हा बोल्ट दुसऱ्या रायफलीचा. पण ज्यानं इथं बसवला त्यानं जुना आकडा लपवला न्हाई. रेघ मारली, नवा ठोकला. म्हंजे कुणीतरी घासून, बसवून, तपासून जबाबदारी घेतली. आमच्या शस्त्रागारात निम्म्या रायफली अशाच. रेघ असली म्हंजे मला झोप लागायची. रेघ नसली म्हंजे लागायची न्हाई.”

परदेशातल्या संग्राहकांना हे पटणार नाही. ईशापूरच्या जुन्या लष्करी रायफली गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या बाजारातही गेल्या. तिथले शौकीन आधी आकडे जुळतात का ते पाहतात. एक जरी निराळा निघाला तरी भाव पडतो. हे वेड मला समजते. नाण्यांचा, टपाल तिकिटांचा नाद असलेली माणसे आपल्यातही आहेत. पण त्यात एक फसगत आहे. आकडे जुळवणे हे बंदूक जुळवण्यापेक्षा सोपे असते. खैबर खिंडीच्या बाजूच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या ली-एनफील्डच्या नकला केल्या. त्यांच्यावर सगळे ठसे असतात. फक्त एखाद्या ठशात इंग्रजी ‘एन’ उलटा पडलेला असतो, किंवा व्हिक्टोरिया राणीच्या आद्याक्षरांखाली तिच्या मृत्यूनंतरचे साल असते! राणी १९०१ साली वारली हे ठसा मारणाऱ्याला कोणी सांगितले नसावे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जाणाऱ्या माणसाला हा प्रकार नवा वाटायचा नाही. तिथेही पेशवाईतले अडकित्ते मिळतात, आणि त्यांचा गंज कधीकधी गेल्या आठवड्यातला असतो.

मला मात्र मामांचे बोलणे ऐकताना आजीच्या वाकळी आठवत होत्या. आजीची एक वाकळ नऊ लुगड्यांची होती. कुठले लुगडे कोणाचे हे विचारले की ती सांगे. पण वाकळ चांगली की वाईट हे ठरवताना ती लुगड्यांकडे पाहत नसे, टाके पाही. टाका एका माणसाचा असावा, सारखा असावा आणि कडेपर्यंत गेलेला असावा.

इथवर सगळे आमच्या बंदुकीच्या बाजूने चालले होते. भाऊचा चेहरा पुन्हा खुलला होता. मामांनी कंदिलाची काच मागवली, तिच्या आतले काजळ बोटावर घेतले, बोल्टच्या मागच्या दोन्ही खांद्यांना लावले, बोल्ट बसवून बंद केला आणि पुन्हा काढला. दोन्ही खांद्यांवरचे काजळ सारखेच पुसले गेले होते. ली-एनफील्डचा बोल्ट मागच्या बाजूने अडतो. स्फोटाचा सगळा धक्का या दोन खांद्यांनी सारखा वाटून घ्यायचा असतो. एकच खांदा भार घेऊ लागला की लवकर नाही तर उशिरा तो मोडतो. (भावाभावांच्या वाटणीत बसून हे ऐकताना मला हसू आले, ते मी आवरले.)

मग त्यांनी बोल्टच्या टोकाला फिरवून बसवलेला छोटा तुकडा, बोल्ट हेड, सोडवून पुन्हा घट्ट केला. तो बोल्टच्या कण्याशी एका ओळीत येऊन थांबायला हवा होता. तो थांबला नाही. चांगलाच पुढे वळला. त्याच्यावर क्रमांक नव्हता, ठसा नव्हता, काहीच नव्हते.

“हे कधी बदललं?” मामांनी विचारले.

आप्पांना आठवायला वेळ लागला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानात बंदूक साफसफाईला दिली होती, तेव्हा ‘नवा पार्ट’ घातल्याचे कोणीतरी म्हणाले होते. दुकान आता नाही.

मामा म्हणाले, “त्यानंतर उडवली का?”

“दोन-तीनदा. रानडुकरं लई झाली व्हती. हवेत.”

“पुंगळी आहे का एखादी?”

पुंगळ्या होत्या. भाऊच्या धाकट्या मुलाने एकीची शिट्टी केली होती. ती त्याच्या दप्तरातून आली. मामांनी बुडावरची खडकीची अक्षरे पाहिली, मग पुंगळी आडवी धरून नखाने हळूहळू चाचपली. बुडापासून अर्ध्या बोटावर, पितळेवर, एक बारीक चकचकीत वळे होते. तिथे पितळ ताणले गेले होते.

त्याचा अर्थ त्यांनी जो सांगितला तो सगळ्यांना समजला. काडतूस आणि बोल्ट यांच्यामध्ये किती जागा असावी याचे माप ठरलेले असते. थ्री-नॉट-थ्रीच्या तपासणीत ०.०६४ इंचाचा ठोकळा घातला की बोल्ट बंद झाला पाहिजे, आणि ०.०७४ इंचाचा घातला की बंद होता कामा नये. सगळा खेळ इंचाच्या शंभराव्या हिश्शाचा. बोल्ट हेड झिजलेले किंवा परके असले की ही जागा वाढते. बार झाला की पुंगळी मागे ताणली जाते, आणि एक दिवस त्या वळ्यावर तुटते. मग आतला वायू नळीच्या तोंडातून सगळाच पुढे जात नाही. तो मागेही येतो. मागे काय असते? दस्त्याला गाल लावलेल्या माणसाचा डोळा.

वहिनी ओट्याआडून बाहेर आल्या होत्या. त्यांनी पोराच्या हातून उरलेल्या पुंगळ्या काढून घेतल्या, जणू त्याच फुटणार होत्या. भाऊ काही बोलला नाही. येत्या हंगामात उसात डुकरे शिरली की बार काढायचा, असे तो आठवड्यापूर्वीच मला म्हणाला होता. हल्ली आमच्या उसात बिबट्याही असतो. त्याच्यावर नेम धरायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, पण घाबरलेला माणूस हवेत बार काढतोच.

दादाने शेवटी तो प्रश्न विचारला ज्यासाठी मामांना बोलावले होते. “मामा, पण किंमत किती धरायची?”

मामा पुंगळीकडे पाहत म्हणाले, “शौकिनाला विकाल तर विलायती म्हणून विकता येणार न्हाई. परवान्यावर जो आकडा आहे तो बॉडीचा, आणि बॉडी ईशापूरची. कायद्याला तेवढंच ठाऊक. आज आहे तशी विकाल, तर घेणाऱ्याचा डोळा विकाल. चांगल्या हातानं हेड बसवून, मापं काढून, चाचणी करून दिलं, तर ही आणखी पन्नास वर्षं चालंल. त्या हाताला काय द्याल ती हिची किंमत. उरलेली बंदूक फुकट.”

“म्हणजे पाच गुंठे नाहीत,” दादा म्हणाला.

“पाच गुंठे न्हाईत.”

दादाबद्दल मला त्या क्षणी जो आदर वाटला तो लिहून ठेवतो. बाजारातून दुसरा जाणता आणून पाहण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. त्याने तो घेतला नाही. पट्टीचे अडीच-अडीच गुंठे करा म्हणाला. आणि भाऊचा भाग विहिरीकडचा असावा, असेही त्यानेच सुचवले. वहिनींनी दुकानाचा विषय पुन्हा काढला नाही. अडीच गुंठ्यांत दुकान होते.

बंदूक सामाईक ठेवावी असे भाऊचे म्हणणे पडले. देवळातल्या काहिलीसारखी. पण परवाना एकाच्या नावावर असतो. कायद्याला सामाईक काहील चालते, सामाईक बंदूक चालत नाही. आप्पा आहेत तोवर ती त्यांच्या नावावर राहील. पुढे वारसाने अर्ज करायचा, तोवर ती ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. हे सगळे मामांनी समजावून सांगितले आणि बोल्ट वेगळा काढून चिंधीत बांधला. दुरुस्ती होईपर्यंत बोल्ट एका पेटीत, बंदूक दुसऱ्या पेटीत आणि दोन्ही किल्ल्या आप्पांच्या करदोट्याला, असे ठरले.

संध्याकाळी दादाने वाटणीचा कच्चा कागद आपल्या सुबक अक्षरात लिहायला घेतला. घर, गुरे, पाळी, पट्टी असे करत तो बंदुकीपाशी आला आणि मोठ्याने वाचत लिहू लागला: “रायफल एक, ०.३१५. बॉडी ईशापूर, १९४२. नळी बर्मिंगहॅम. बोल्ट जुळवलेला. बोल्ट हेड बदलल्याशिवाय उडवू नये. किंमत धरली नाही.”

“दस्ता ऱ्हायला,” आप्पा म्हणाले.

दादाने लिहिले, ‘दस्ता शिसवी.’

“शिसवी नुसतं नगं. पलंगाचा खूर, आणि सुतार आपल्या गावचा, आसं लिव्ह.”

तसे लिहिले.